पोकळीत केलेला अणुस्फोट भूकंपमापकाला किती दिसतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अणुचाचणीबंदीचा विषय निघाला की एक शंका हमखास पुढे येते: जमिनीखाली प्रचंड पोकळी खणून तिच्या मधोमध बॉम्ब फोडला, तर जगाला त्याचा पत्ताच लागणार नाही ना? ही शंका १९५९ पासून विचारली जाते आहे आणि तिच्यामागे खरं भौतिकशास्त्र आहे. मात्र त्यातला ‘कंपनं कमी होतात’ एवढाच भाग लोकांपर्यंत पोचतो. किती कमी होतात, कोणती होतात आणि त्यासाठी काय काय करावं लागतं, हा भाग मागेच राहतो. खालचे प्रश्न मुख्यतः त्याच भागाबद्दल आहेत.

जमिनीखाली अणुस्फोट झाला की दूरच्या भूकंपमापकापर्यंत नेमकं काय पोचतं?

आधी साधा प्रकार पाहू. बॉम्ब खोल विवरात उतरवला, वरून खडी, वाळू आणि सिमेंट घालून विवर घट्ट बुजवलं आणि स्फोट केला. बॉम्बला चिकटून असलेल्या खडकाची क्षणात वाफ होते, त्याच्या बाहेरचा खडक वितळतो, त्यापलीकडचा चिरडला जातो आणि आणखी बाहेरच्या खडकाला भेगा पडतात. या सगळ्या पट्ट्यांत खडक कायमचा बाहेरच्या दिशेने ढकलला जातो. बऱ्याच अंतरावर गेल्यावर दाब इतका उतरतो की खडक दबतो आणि पुन्हा पूर्वीच्या जागी येतो. तिथून पुढे निघते ती लवचीक लहर, म्हणजेच भूकंपलहर.

दूरच्या केंद्रावर दिसणारी लहर किती मोठी असेल, हे प्रामुख्याने एका गोष्टीवर ठरतं: त्या लवचीक सीमेवरचा खडक एकूण किती आकारमानाने बाहेर सरकला. बॉम्बच्या ऊर्जेचा फार छोटा हिस्साच लहरी होऊन निघतो. बाकीची ऊर्जा खडक तापवण्यात आणि फोडण्यात संपते.

मग पोकळीमुळे काय बदलतं?

तीच ऊर्जा आता खडकाला चिकटून सुटत नाही, मोठ्या हवेच्या जागेत सुटते. भिंतीपर्यंत पोचेपर्यंत ती पसरलेली असते, दाब उतरलेला असतो. भिंतीचा खडक वितळत नाही, चिरडला जात नाही. पोकळी पुरेशी मोठी असेल तर तो फक्त किंचित मागे रेलतो. त्यामुळे खडकाचं बाहेर सरकणं कितीतरी पटींनी कमी होतं आणि लहरही त्याच प्रमाणात लहान होते. या परिणामाला डीकपलिंग म्हणतात.

आकडे घातले की चित्र स्पष्ट होतं. एक किलोटन म्हणजे हजार टन टीएनटी स्फोटकाएवढी ऊर्जा, सुमारे ४.२ लाख कोटी जूल. २५ मीटर त्रिज्येच्या गोल पोकळीचं आकारमान सुमारे ६५,००० घनमीटर भरतं. त्यात एक किलोटन ऊर्जा सोडली तर आतल्या तप्त वायूचा सरासरी दाब वातावरणाच्या शंभर ते सव्वाशे पट होतो. एक किलोमीटर खोलीवर वरच्या मिठाच्या थराचं ओझं साधारण २१० वातावरणांएवढं असतं. म्हणजे आतला दाब बाहेरच्या ओझ्याच्या निम्म्याच्या आसपास राहतो, आणि पूर्ण डीकपलिंगसाठी साधारण हीच अट सांगितली जाते. ‘एक किलोटनला २५ मीटर त्रिज्या’ हा नेहमी दिसणारा आकडा इथूनच येतो.

ऊर्जा नाहीशी तर होत नाही. मग ती जाते कुठे?

ती पोकळीतच राहते, उष्णतेच्या आणि दाबाच्या रूपात. पुढे हळूहळू भिंतींत मुरते. घट्ट पुरलेल्या स्फोटात जी ऊर्जा खडक ढकलण्यात गेली असती, ती इथे कोंडलेला वायू तापलेला ठेवते. ही गोष्ट ध्यानात ठेवा, कारण गळतीच्या प्रश्नाशी तिचा थेट संबंध आहे.

ही कल्पना आली कुठून?

अमेरिकेतल्या रँड संस्थेचे भौतिकशास्त्रज्ञ आल्बर्ट लॅटर आणि त्यांचे सहकारी यांनी १९५९ मध्ये ती मांडली. वेळ फार नाजूक होती. १९५८ च्या उन्हाळ्यात पूर्व आणि पश्चिमेचे तज्ज्ञ जिनिव्हात जमले होते आणि जगभर नियंत्रण केंद्रांचं जाळं उभारलं तर चाचणीबंदीवर नजर ठेवता येईल, असा निष्कर्ष त्यांनी काढला होता. त्यांच्या हाताशी भूमिगत अणुस्फोटाचा मुख्य दाखला एकच होता: १९ सप्टेंबर १९५७ रोजी अमेरिकेतल्या नेवाडात झालेली १.७ किलोटनची ‘रेनियर’ चाचणी. त्यावर लॅटर यांच्या गणिताने सांगितलं की पुरेशा मोठ्या पोकळीत स्फोट केला तर कंपनं ३०० पट किंवा त्याहूनही कमी होऊ शकतात.

१९५९ च्या अखेरीस हा सिद्धांत जिनिव्हात सोव्हिएत शास्त्रज्ञांसमोर मांडण्याचं काम अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ हान्स बेथे यांच्यावर आलं. बेथे स्वतः चाचणीबंदीचे खंदे समर्थक. तरीही गणित बरोबर आहे हे त्यांनी मान्य केलं आणि समोरच्यांना तसंच सांगितलं. या सबंध इतिहासातली मला सर्वांत आदर वाटणारी गोष्ट हीच आहे.

पुढे वाटाघाटींची दिशा बदलली. फेब्रुवारी १९६० मध्ये अमेरिकेने ४.७५ तीव्रतेच्या वरच्या भूमिगत चाचण्यांवरच बंदी घालण्याचा प्रस्ताव ठेवला. १९६३ च्या करारात हवा, पाणी आणि अंतराळ यांतल्या चाचण्या थांबल्या, जमिनीखालच्या मात्र सुटल्या. याला पोकळीचा सिद्धांत हे एकमेव कारण नव्हतं. प्रत्यक्ष जागेवर किती तपासण्या करायच्या, यावरचा वाद त्याहून मोठा होता. पण भूमिगत चाचण्या ओळखता येणार नाहीत, ही भीती बळकट करण्यात या सिद्धांताचा वाटा नक्की होता.

खरा अणुस्फोट करून हे कुणी तपासलंय का?

होय, आणि याची नीट मोजलेली उदाहरणं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच आहेत. सुरुवात रासायनिक स्फोटकांनी झाली. १९५९-६० मध्ये अमेरिकेतल्या लुइझियानात विनफील्ड इथल्या मिठाच्या खाणीत ‘काउबॉय’ नावाची मालिका झाली. सारख्याच वजनाचे स्फोट एकदा मिठात घट्ट पुरून आणि एकदा पोकळीत केले गेले. पोकळीतली कंपनं शंभर किंवा त्याहून अधिक पटींनी कमी भरली. तत्त्व खरं आहे, एवढं सिद्ध झालं.

अणुस्फोटाचा निर्णायक प्रयोग मिसिसिपी राज्यात, टॅटम नावाच्या मिठाच्या घुमटात, म्हणजे जमिनीखाली फुगून वर आलेल्या मिठाच्या प्रचंड साठ्यात, झाला. २२ ऑक्टोबर १९६४ रोजी ८२८ मीटर खोलीवर ५.३ किलोटनचा ‘सॅमन’ स्फोट केला. हा घट्ट पुरलेला होता. आजूबाजूच्या चारशेहून अधिक रहिवाशांना त्या दिवसापुरतं हलवलं होतं, मोठ्या माणसाला १० डॉलर आणि मुलाला ५ डॉलर देऊन. नंतर भिंतींना तडे गेल्याच्या आणि विहिरी खराब झाल्याच्या शेकडो तक्रारी आल्या. तांत्रिक अहवालांत ही माणसं सहसा दिसत नाहीत, म्हणून इथे मुद्दाम सांगितलं.

सॅमनने मिठात सुमारे १७ मीटर त्रिज्येची पोकळी तयार केली. ३ डिसेंबर १९६६ रोजी त्याच पोकळीच्या मध्यभागी बॉम्ब लटकवून ‘स्टर्लिंग’ स्फोट केला. शक्ती होती ०.३८ किलोटन, म्हणजे ३८० टन. जागा तीच, मीठ तेच आणि बरीचशी मापन केंद्रंही तीच, त्यामुळे तुलना स्वच्छ झाली. कमी वारंवारितेच्या लहरी सुमारे ७० पटींनी लहान होत्या. म्हणजे ३८० टनांच्या अणुस्फोटाने पाच-साडेपाच टनांच्या घट्ट पुरलेल्या स्फोटाएवढीच कंपनं दिली. लॅटर यांचा ३०० चा आकडा प्रत्यक्षात उतरला नाही. कारण गणितातली भिंत आदर्श, अखंड खडकाची होती, आणि खऱ्या पोकळीची भिंत आधीच्या स्फोटाने खिळखिळी झालेली. त्या पोकळीत पुढे १९६९ आणि १९७० मध्ये मिथेन आणि ऑक्सिजनच्या मिश्रणाचे दोन स्फोटही करून पाहिले.

आजही कुणी ‘७० पट’ म्हणतं तेव्हा तो आकडा या एका जोडीतून आलेला असतो. इतक्या मोठ्या वादाचा इतका मोठा भाग एका प्रयोगावर उभा आहे, हे वाचकाने कायम लक्षात ठेवावं.

सोव्हिएत संघाने असा प्रयोग केला होता का?

केला होता, कॅस्पियन समुद्राच्या उत्तरेला पश्चिम कझाकस्तानातल्या अझगीर इथे. तिथेही मिठाचे घुमट आहेत. डिसेंबर १९७१ मध्ये जवळपास एक किलोमीटर खोलीवर ६४ किलोटनचा स्फोट झाला आणि सुमारे ३६ मीटर त्रिज्येची पोकळी तयार झाली. २९ मार्च १९७६ रोजी तिच्यात ८ ते १० किलोटनचा स्फोट केला गेला.

ही पोकळी त्या स्फोटाला लहान होती. वरचाच हिशेब लावला तर ३६ मीटर त्रिज्येत सुमारे तीन किलोटनच पूर्णपणे झाकले जातात. त्यामुळे डीकपलिंग अर्धवट झालं. कंपनं ७० पट नव्हे, साधारण १२ ते १५ पटच कमी झाली आणि हजारो किलोमीटर दूर नॉर्वेतल्या केंद्रांवरही हा स्फोट नोंदला गेला. पोकळी थोडी लहान पडली की फायदा थोडा कमी होतो असं नाही, तो झपाट्याने ढासळतो. अझगीरचं महत्त्व यातच आहे.

‘७० पट कमी’ म्हणजे तीव्रतेच्या मापावर किती?

तीव्रतेचं माप लघुगणकी आहे. ७० पट म्हणजे जवळपास १.८५ एकक. टणक खडकात घट्ट पुरलेल्या एक किलोटन स्फोटाची तीव्रता ४.४ च्या आसपास भरते. उत्तर कोरियाची ९ ऑक्टोबर २००६ ची पहिली चाचणी एक किलोटनहून कमी होती, तरी तिची तीव्रता ४ च्या वर गेली. एक किलोटनच पूर्ण डीकपलिंग साधून फोडला तर आकडा २.५ च्या आसपास उतरेल.

२.५ तीव्रतेचा धक्का चांगल्या प्रादेशिक जाळ्याला दिसतो. खरी अडचण दिसण्यात नाही, ओळखण्यात आहे. अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षणाच्या अंदाजानुसार जगात वर्षाला ४ ते ४.९ तीव्रतेचे सुमारे १३,००० भूकंप होतात, ३ ते ३.९ चे सुमारे १,३०,००० आणि २ ते २.९ चे सुमारे १३ लाख. त्यात खाणींतले आणि दगडखाणींतले रोजचे सुरुंग वेगळेच. पोकळी स्फोटाला शांत करत नाही. ती त्याला या गर्दीत ढकलते.

सगळ्या लहरी सारख्याच प्रमाणात कमी होतात का?

नाही. माझ्या मते या पानावरचा हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे आणि नेमका हाच फार कमी विचारला जातो.

घट्ट पुरलेल्या स्फोटात लहर जिथून लवचीक होते ती सीमा बॉम्बपासून दूर असते, म्हणजे कंपनांचा उगम आकाराने मोठा असतो. मोठा उगम कमी वारंवारितेच्या लहरी जोरात देतो, पण एका ठरावीक वारंवारितेनंतर त्याचा जोर भराभर घटतो. डीकपलिंग झालेल्या स्फोटात पोकळीची भिंतच लवचीक सीमा असते, म्हणून उगम लहान असतो. त्याच्या कमी वारंवारितेच्या लहरी क्षीण असतात खऱ्या, पण उच्च वारंवारितेपर्यंत त्या तितक्याशा घटत नाहीत. परिणामी दोन्हींतला फरक वरच्या वारंवारितेला आक्रसत जातो. सॅमन आणि स्टर्लिंगच्या नोंदींत कमी वारंवारितेला ७० असलेला गुणक २० हर्ट्झच्या आसपास आणि त्यापुढे दहाच्या खाली येतो.

यातून मोजणाऱ्यांना एक वाट सापडली. हजारो किलोमीटर दूरच्या केंद्रांना मुख्यतः एक हर्ट्झच्या आसपासच्या लहरीच मिळतात, बाकीच्या वाटेतच विरतात. पण काहीशे किलोमीटरच्या आत, शांत आणि टणक खडकावर संवेदक बसवले तर १० हर्ट्झच्या वरचंही पुष्कळ काही मिळतं. तिथे पोकळीचा लाभ बराचसा हातचा जातो. म्हणून गेल्या चार दशकांत भर पडली ती जवळच्या केंद्रांवर आणि केंद्रसमूहांवर.

केंद्रसमूह म्हणजे काय?

काही किलोमीटरच्या परिसरात ठरावीक मांडणीने बसवलेले अनेक भूकंपमापक. लहर प्रत्येकापर्यंत किंचित वेगळ्या क्षणी पोचते. तो फरक दुरुस्त करून सगळ्या नोंदी एकत्र केल्या की खरी लहर उठून दिसते, स्थानिक गोंगाट एकमेकांत विरतो आणि लहर कुठल्या दिशेने आली तेही कळतं. १९६० च्या दशकात स्कॉटलंडमधलं एस्कडेलम्यूर, कॅनडातलं यलोनाइफ, ऑस्ट्रेलियातलं वारामुंगा आणि कर्नाटकातलं गौरीबिदनूर इथे असे समूह उभे राहिले.

इतकी मोठी पोकळी खणणं शक्य आहे का?

शक्य आहे. ‘अशक्य’ म्हणणारे वाचकाची दिशाभूल करतात. जपानमधला सुपर-कामिओकांडे हा न्यूट्रिनो शोधक डोंगराखाली एक किलोमीटरवर आहे. त्याची टाकी सुमारे ३९ मीटर व्यासाची आणि ४२ मीटर उंचीची, म्हणजे जवळपास ५०,००० घनमीटर. एक किलोटनसाठी लागणाऱ्या ६५,००० घनमीटरच्या अगदी जवळ. त्याच्या पुढच्या पिढीच्या हायपर-कामिओकांडेची गुहा ६९ मीटर व्यासाची आहे आणि तिचं खोदकाम २०२५ मध्ये पूर्ण झालं.

पण ही कामं उघड, वर्षानुवर्षं आणि जगातले उत्तम अभियंते हाताशी घेऊन झाली. दगडाचे ढीग, रस्ते, वीज, माणसांची ये-जा हे सगळं आकाशातून दिसतं. लपूनछपून करणाऱ्याला हेच काम करून शिवाय ते केलंच नाही असं भासवावं लागतं. त्यात आकारमान शक्तीच्या थेट प्रमाणात वाढतं. पाच किलोटनला सव्वातीन लाख घनमीटर, दहाला साडेसहा लाख. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या २००२ च्या अहवालात, अशा मार्गाने लपवता येण्याजोगी मर्यादा एक-दोन किलोटनच्या पलीकडे जात नाही असं मांडलं गेलं. मला ते पटतं. मात्र ही मर्यादा व्यवहाराची आहे, निसर्गनियमाची नव्हे, हेही सांगायला हवं.

मग मिठाचाच उल्लेख सारखा का येतो?

मीठ खणावं लागत नाही. विवरातून गोडं पाणी आत सोडायचं, खारं पाणी बाहेर उपसायचं, पोकळी आपोआप मोठी होते. तेल आणि वायू साठवायला अशा पोकळ्या नेहमी केल्या जातात. शिवाय मीठ भेगा धरून ठेवत नाही, दाबाखाली त्या मिटतात.

पण हाच गुण उलटतो. एक घनमीटर मीठ विरघळवायला किमान सहा-सात घनमीटर गोडं पाणी लागतं. एक किलोटनच्या पोकळीसाठी चार-साडेचार लाख घनमीटर खारं पाणी कुठेतरी सोडावं लागेल. साठवणीच्या पोकळ्या द्रवाने किंवा दाबाखालच्या वायूने भरलेल्या असतात, त्या दाबाने भिंती तोलून धरलेल्या असतात. डीकपलिंगसाठी ती भर काढून आत साधी हवा ठेवावी लागते. मग आत एक वातावरण आणि बाहेर दोनशे. मीठ संथपणे आत सरकायला लागतं आणि जितकं खोल जावं तितकं वेगाने. सोव्हिएत संघाने १९८० ते १९८४ दरम्यान अस्त्राखानजवळ वायुसाठ्यासाठी अणुस्फोटांनी १५ पोकळ्या केल्या. त्यांतल्या बहुतेक काही वर्षांतच आक्रसल्या किंवा खाऱ्या पाण्याने भरून निकामी झाल्या.

आधीच्या स्फोटाने झालेली पोकळीच वापरली तर?

मग आधीचा स्फोट जगाला दिसलेला असतो. सॅमनच्या ५.३ किलोटनने जेमतेम तिसरा हिस्सा किलोटन लपवण्याजोगी जागा दिली. अझगीरच्या ६४ ने सुमारे तीन. लपवायच्या स्फोटाच्या पंधरा-वीस पट शक्तीचा स्फोट आधी उघड करावा लागतो.

पोकळीत पाणी असेल तर?

तर लाभ संपला. हवा दबते, पाणी दबत नाही, धक्का थेट भिंतीवर जातो. अझगीरलाच पाण्याने भरलेल्या एका पोकळीत १९७५ ते १९७९ दरम्यान अनेक छोटे स्फोट झाले. त्यांच्यात डीकपलिंग दिसलं नाही.

आणि पोकळी गोल नसेल तर?

लांबट पोकळीतही कमी वारंवारितेच्या लहरी घटतात, असं संगणकीय गणितं दाखवतात. पण भिंतीचा जवळचा भाग जास्त मार खातो आणि दाब सगळीकडे सारखा न पडल्याने लहरींचं मिश्रण बदलतं. जुन्या खाणीतला वेडावाकडा बोगदा म्हणजे आयती पोकळी, असं समजू नये.

कोरडी माती किंवा सच्छिद्र खडक यांतही कंपनं कमी होतात. ती हीच गोष्ट का?

परिणाम मिळताजुळता, कारण वेगळं. कोरड्या गाळात किंवा ज्वालामुखीच्या राखेपासून झालेल्या मऊ खडकात लाखो बारीक छिद्रं असतात. ती चिरडण्यातच पुष्कळ ऊर्जा खर्च होते. त्यामुळे तोच स्फोट टणक, ओल्या खडकातल्यापेक्षा जवळपास एका एककापर्यंत कमी तीव्रतेचा दिसू शकतो. म्हणजे दहा पटींपर्यंत, सत्तर नव्हे. आणि जमीन खचून पृष्ठभागावर खड्डा पडण्याचा धोका इथे जास्त. नेवाडातल्या युका फ्लॅटवर असे शेकडो खड्डे आजही उपग्रहचित्रांत दिसतात.

स्फोटानंतर पोकळी कोसळते तेव्हा वेगळा धक्का नोंदला जातो का?

हो. घट्ट पुरलेला स्फोटही स्वतःची पोकळी तयार करतो. आतला वायू निवला की छत ढासळू लागतं, कधी काही मिनिटांत, कधी बऱ्याच काळाने. ३ सप्टेंबर २०१७ रोजी उत्तर कोरियाच्या सहाव्या चाचणीनंतर साडेआठ मिनिटांनी ४ च्या आसपास तीव्रतेचा दुसरा धक्का नोंदला गेला. नोंदी तपासल्यावर तो कोसळण्याचा निघाला.

कोसळणं ओळखू येतं. स्फोट सगळ्या दिशांना बाहेर ढकलतो, त्यामुळे प्रत्येक केंद्रावर जमिनीची पहिली हालचाल वरच्या दिशेने होते. कोसळताना खडक आत ओढला जातो आणि पहिली हालचाल खाली होते. ६ ऑगस्ट २००७ रोजी अमेरिकेतल्या युटामध्ये क्रँडल कॅनियन कोळसा खाणीत सहा कामगार अडकले आणि मृत्युमुखी पडले. तो ३.९ तीव्रतेचा धक्का भूकंप होता की खाण कोसळली, हा वाद लहरींच्या अशाच विश्लेषणातून सुटला: खाणच कोसळली होती.

लहानशा धक्क्यावरून भूकंप की स्फोट, हे कसं ठरवतात?

मोठ्या घटनांसाठी जुनी पद्धत चांगली चालते: पी लहरींवरून (खडकाला दाबत-ताणत सर्वांत आधी पोचणाऱ्या) काढलेली तीव्रता आणि पृष्ठलहरींवरून (जमिनीच्या पृष्ठभागालगत जाणाऱ्या) काढलेली तीव्रता यांची तुलना. भूकंप पृष्ठलहरी जोरात देतो, स्फोट त्यामानाने क्षीण. पण २.५-३ च्या धक्क्यांत पृष्ठलहरी गोंगाटात बुडतात. तिथे उच्च वारंवारितेच्या पी आणि एस (खडकाला आडवं हलवणाऱ्या) लहरींचं गुणोत्तर पाहतात. भूकंपात खडक एकमेकांवर घासून सरकतात, त्यामुळे एस लहरी बलवान. स्फोटात पी वरचढ.

१६ ऑगस्ट १९९७ रोजी रशियाच्या नोव्हाया झेमल्या चाचणीस्थळाजवळ साडेतीनच्या आसपास तीव्रतेचा धक्का नोंदला गेला. अमेरिकेत लगेच गुप्त चाचणीचा संशय व्यक्त झाला. तपासाअंती तो कारा समुद्राखाली, चाचणीस्थळापासून सुमारे १३० किलोमीटरवर झालेला भूकंप ठरला. संशय जितक्या घाईने छापला गेला तितक्या घाईने खुलासा छापला गेला नाही, आणि याची मला आजही खंत वाटते.

पोकळीतून किरणोत्सर्गी वायू बाहेर येतात का?

या प्रश्नाला सरसकट उत्तर नाही, पण पोकळी इथे लपवणाऱ्याच्या बाजूने नाही. घट्ट पुरलेल्या स्फोटात खडक बाहेर ढकलला जातो आणि परत आत येतो. त्या उलट हालचालीत पोकळीभोवती दाबाखालचं कवच तयार होतं आणि भेगा मिटतात. वितळलेला खडक थिजताना बरीच किरणोत्सर्गी द्रव्यं स्वतःत अडकवतो. डीकपलिंगमध्ये खडक जवळजवळ हलतच नाही, वितळतही नाही. म्हणून ते कवच नीट बनत नाही, आणि आत तप्त वायू दाबाखाली तसाच उभा.

स्फोटात तयार होणारा झेनॉन हा निष्क्रिय वायू मात्र कशातही अडकत नाही. झेनॉन-१३३ चं अर्धायुष्य ५.२ दिवस, त्यामुळे तो काही आठवडे शोधता येतो. फेब्रुवारी २०१३ च्या उत्तर कोरियाच्या चाचणीनंतर जवळपास आठ आठवड्यांनी जपानमधल्या ताकासाकी केंद्राला त्याचा माग लागला. तो स्फोट पोकळीतला नव्हता, पण इतक्या उशिरानेही वायू झिरपतो हे त्यातून दिसलं.

मग शेवटी लपवता येतं की नाही?

काहीशे टनांचा स्फोट, योग्य मीठ, योग्य खोली आणि जवळ चांगली केंद्रं नसलेला प्रदेश मिळाला, तर भूकंपमापकांना चकवणं कल्पनेत बसतं. दहा किलोटनला ते बसत नाही. मधल्या पट्ट्यात करणाऱ्याला सगळंच एकाच वेळी साधावं लागतं: पोकळी गुपचूप करणं, ती आक्रसू न देणं, बॉम्बची शक्ती अंदाजापेक्षा वाढू न देणं आणि वायू अजिबात न गळणं. पहिल्यांदाच बॉम्ब बनवणाऱ्या देशाला शक्तीचा अचूक अंदाज नसतो, आणि अझगीरने दाखवलंच आहे की अंदाज चुकला की पोकळी झाकत नाही. ज्याला अनुभव आहे, त्याला एवढ्या छोट्या स्फोटातून मिळणारं ज्ञान बेताचंच. ३०० पटींचा कागदावरचा आकडा पुढे करून चाचणीबंदीच नाकारणं मला तेव्हाच्या माहितीवर समजू शकतं. आज ते मान्य करता येत नाही.

संशय आला तर जागेवर जाऊन पोकळी शोधता येते का?

सर्वंकष चाचणीबंदी करार २४ सप्टेंबर १९९६ रोजी सह्यांसाठी खुला झाला. त्यात १,००० चौरस किलोमीटरपर्यंतच्या क्षेत्राची पाहणी करण्याची तरतूद आहे. उरलेले सूक्ष्म धक्के ऐकणं, जमिनीतल्या वायूचे नमुने घेणं, विवर खणणं यांच्या जोडीला कृत्रिम लहरी सोडून जमिनीखालच्या पोकळ्या आणि ढासळलेल्या खडकाचे पट्टे शोधण्याची पद्धतही त्यात नावानिशी लिहिली आहे. डीकपलिंग झालेल्या स्फोटानंतर सूक्ष्म धक्के कमी मिळतील, कारण खडक फारसा तुटलेला नसतो. पण ६५,००० घनमीटरची पोकळी जागच्या जागी असते.

कराराच्या ३२१ मापन केंद्रांपैकी बहुतेक आज चालू आहेत, त्यांत ५० प्राथमिक आणि १२० साहाय्यक भूकंपकेंद्रं येतात. १८० हून अधिक देशांनी सह्या केल्या आहेत. तरी करार अमलात आलेला नाही. ज्या ४४ देशांची मान्यता आवश्यक आहे त्यांतल्या भारत, पाकिस्तान आणि उत्तर कोरियाने सही केलेली नाही. अमेरिका, चीन, इस्रायल, इराण आणि इजिप्तने सही केली पण मान्यता दिलेली नाही, आणि रशियाने २०२३ मध्ये दिलेली मान्यता मागे घेतली. करार अमलात येईपर्यंत केंद्रं नोंदी घेत राहतील, पण जागेवर जाऊन पाहणी करण्याचा अधिकार कुणालाही वापरता येणार नाही.